बोरीखालचा खड्डा

किसनराव खंडारे आयुष्यभर बडनेरा जंक्शनात गाड्यांचे सांधे बदलत आले. नागपूरकडून गाडी आली की तिला भुसावळच्या रुळावर घालायचं की अमरावतीच्या, हा हुकूम वरून यायचा आणि खाली किसनरावांचा हात हलायचा. या कामात एक सुख होतं. बडनेऱ्यात जी गाडी शिरायची तीच बाहेर पडायची. उशिरा पडेल, डबे कमीजास्त होतील, पण पॅसेंजर आत गेली आणि मालगाडी होऊन निघाली असं त्यांच्या सबंध नोकरीत कधी घडलं नाही. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर शेती करूच नये. पण हे त्यांना सांगणार कोण?

वावर तिवस्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, दोन एकर. किसनरावांच्या बापानं दुसऱ्यांच्या वावरात राबून ते घेतलं होतं. बापाला ते फार दिवस करता आलं नाही, किसनराव रेल्वेत लागले, मग थोरल्या भावानं केलं आणि भाऊ गेल्यावर भावाच्या मुलानं, मनोजनं. मनोज जीव लावून करायचा. निम्मं पीक न मागता बडनेऱ्याला आणून टाकायचा, वर भरताची वांगी वेगळ्या पिशवीत. कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार असली तर ती किसनरावांची, आणि तीही स्वतःबद्दल. बापानं एवढ्या हौसेनं घेतलेल्या मातीत आपण आपल्या हातानं एक दाणा पिकवला नाही, हे त्यांना नोकरीत असताना कधी टोचलं नव्हतं. घरी बसल्यावर टोचायला लागलं, आणि घरी बसलेल्या माणसाला एकदा काही टोचायला लागलं की ते घरातल्या सगळ्यांनाच टोचतं.

शेवटी उन्हाळ्यात ते मनोजच्या घरी गेले. मनोजची बायको शालू चहा घेऊन आली, किसनरावांसोबत त्यांची बायको चतुराबाई होत्याच.

"अवंदा वावर मी करतो," किसनराव म्हणाले.

मनोजनं कपात पाहिलं, मग काकांकडे. "करा ना काका. वावर तुमचंच हाय."

"जमते का तुमाले?" चतुराबाईंनी तिथेच विचारलं. बायकोनं चारचौघांत असं विचारल्यावर किसनरावांना मोठं बोलणं भाग पडलं.

"एक पीक पाह्यजो मायं. एक पीक माया हातानं नीट आलं, तं हात चालते तवर मीच करीन. नाई आलं, तं मनोजले देऊन टाकीन अन् पुन्हा वावराचं नाव नाई काढनार."

झालं. मनोजनं शेजारचंच एक वावर ठोक्यानं, म्हणजे वर्षाचे पैसे ठरवून, घेतलं आणि किसनराव रोज सकाळी बडनेऱ्याहून बसनं तिवस्याला जायला लागले.

सोयाबीन आलं. पण सोयाबीन त्यांनी केलं असं म्हणणं म्हणजे इंजिनावर हात ठेवून गाडी आपण ओढली म्हणण्यासारखं होतं. पेरणीला मनोज, फवारणीला मनोज, मळणीचं मशीन आणायला मनोज. किसनराव बांधावर उभे राहून हात हलवत. सोयाबीन निघालं आणि मधल्या तुरीच्या ओळी तेवढ्या वावरात राहिल्या. मग मात्र ते म्हणाले, "तुरीले कोनी हात लावायचा नाई. तूर माही." मनोज हसला आणि आपल्या वावरात हरभरा पेरायला गेला.

तूर फुलावर आली तेव्हा वावर पिवळं झालं. किसनरावांना वाटलं, जिंकलो. आठवड्याभरात फुलांत अळ्या दिसल्या.

आधी हिरवी दिसली. मग तपकिरी दिसली. मग एक जरा गुलाबीसर, अंगावर पट्टे असलेली. किसनराव घाबरलेच. तीन तऱ्हेचे शत्रू एकदम! अर्धं अंग शेंगेच्या आत, अर्धं बाहेर लोंबतंय, आणि आत डोकं घालून बाईसाहेबांचं जेवण चाललंय. तिघींसाठी तीन औषधं आणावी लागतील, या हिशेबानं ते समाजमंदिरासमोरच्या शेतीशाळेत गेले. शेतीशाळा म्हणजे कृषी सहायक मोनाली मॅडम पंधरवड्यातून एकदा यायच्या, निंबाखाली बसून शेतकऱ्यांशी बोलायच्या आणि मग सगळ्यांना घेऊन वावरात जायच्या.

"काका, या तिन्ही एकच," मोनाली म्हणाली. वयानं ती त्यांच्या लेकीपेक्षा, दीपमालापेक्षाही लहान. "हिरवी असो, तपकिरी असो. सगळी घाटेअळीच."

"घाटे तं हरभऱ्याले येते. माया वावरात हरभरा नाई."

"तिला काही फरक पडत नाही. तूर, हरभरा, कपाशी, टमाटर. जे कोवळं मिळेल ते."

किसनरावांची मान आपोआप वळली. त्यांच्या वावरात हरभरा नव्हता. शेजारी होता. मनोजचा.

मग मॅडमनं त्यांच्या तुरीत एक सापळा टांगला. वर झाकण, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी, झाकणाखाली गोळीएवढं काहीतरी. त्या गोळीला मादी पाखराचा वास असतो आणि त्या वासानं नर पाखरं येऊन पिशवीत पडतात, असं तिनं सांगितलं. किती पाखरं पडली ते रोज पाहत जा, जास्त पडायला लागली की समजायचं, अळ्या वाढणार.

किसनरावांच्या हे अगदी डोक्यावरून गेलं. शेंगा खाते अळी, आणि पकडायचं पाखरू. तेही फक्त नर. एकानं गुन्हा करायचा आणि पोलिसांनी भलत्यालाच उचलायचं, असला हा कारभार. पाखरू तर बिचारं फुलातला मध चाटतं आणि जातं. त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

"पाखरू अंडी घालतं," मोनाली सगळ्यांना सांगत होती. "फुलावर, कळीवर, एकेक सुटं. खसखशीच्या दाण्याएवढं. त्यातून अळी निघते. अळी खाते, कातडं घट्ट झालं की कात टाकते, पुन्हा खाते, पुन्हा कात टाकते. आपलं नुकसान करते ती फक्त अळी. म्हणून बारीक आहे तोवरच तिला धरायचं. मोठी झाली की मग..."

इथे किसनरावांनी घड्याळात पाहिलं. अमरावतीच्या बसची वेळ झाली होती. पुढे दुसरी बस होती, रिकामीही असायची, पण ठरलेली गाडी चुकवणं हे किसनरावांना जन्मात जमलं नव्हतं. ते उठले, धोतराला लागलेली माती झटकली आणि रस्त्याला लागले. मोठी झाली की मग काय, हे त्यांनी विचारलं नाही. मोठी झाली की म्हातारी होत असेल आणि मरत असेल, आपल्यासारखी, असं धरून चालले. वावरातल्या माणसाचं पुष्कळ नुकसान अळ्या करतात, पण काही नुकसान एस.टी. महामंडळ वेळेवर आल्यामुळेही होतं.

दुसऱ्या दिवशी बांधापलीकडून मनोजनं हाक मारली. "काका, औषधाच्या आधी झाडं हलवून पाहा. सकाऊन सकाऊन. खाली चादर टाकायची, झाड धरून हलकंच झटकायचं. अळ्या टपटप पडते."

किसनरावांना हे मात्र कळलं. हातानं करायचं काम होतं. रेल्वेतली एक जुनी पांढरी चादर त्यांनी घरून आणली आणि तुरीच्या ओळीत अंथरली. झाड धरलं, हलवलं. अळ्या खरंच पडल्या. किसनराव इतके खूश झाले की त्या दिवशी जेवायचं विसरले. रोज सकाळी एक-एक पट्टा धरून ते झाडं झटकत जायचे. गावातले लोक बांधावर थांबून पाहायचे आणि हसायचे. हसू देत. हिरवी, तपकिरी, गुलाबी, सगळ्या चादरीत.

आता प्रश्न होता, गोळा केलेल्या अळ्यांचं करायचं काय?

लोक त्या रॉकेलच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात टाकतात. किसनरावांनीही तसंच करायचं ठरवलं होतं. पण चतुराबाई दर पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या. पंचशील नुसतं तोंडानं म्हणायचं आणि विसरायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. डबा भरता भरता त्या म्हणाल्या, "म्हातारपनी रोज बसून हातानं जीव मारू नका. औषध मारलं तं ते औषधानं मारलं. हे हातानं."

"मंग काय घरी आनून पाळू?"

"ते मले नाई मालूम. मारू नका म्हनलं."

किसनरावांनी बसमध्ये विचार करून यातून वाट काढली. वावराच्या टोकाला, मनोजच्या बांधाला लागून, एक बोर होती. तिच्याखालची माती भुसभुशीत होती. तिथं त्यांनी एक खड्डा केला. सकाळी गोळा केलेल्या अळ्या चादरीसकट तिथं न्यायच्या, खड्ड्यात ओतायच्या आणि वरून ओंजळभर माती लोटायची. मातीही फार नाही, अंगावर पांघरूण घालावं इतकीच, कारण जड माती टाकणं म्हणजे पुन्हा मारणंच. मारलं नाही, मातीत सोडलं. मातीत गेलं ते संपलं. चतुराबाईंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं.

मनोजनं एकदा विचारलं होतं. तो हरभऱ्यात निंदण करत होता. "काका, अळ्या टाकता कुठी?"

"त्याची काळजी तू नको करू," किसनराव म्हणाले. तूर माझी म्हटल्यावर अळ्याही माझ्याच. मनोज पुन्हा खाली वाकला.

दिवस गेले. थंडी पडली. तुरीच्या शेंगा भरायला लागल्या आणि झाडाखाली पडणाऱ्या अळ्या कमी झाल्या. आणि नेमक्या त्याच वेळी सापळ्यातली पाखरं वाढली. किसनराव पुन्हा गोंधळात. अळ्या कमी, मग पाखरं जास्त कशी? त्यांनी डोकं खाजवून असा निष्कर्ष काढला, की सापळ्याच्या वासानं सगळ्या तिवस्याची पाखरं आपल्याच वावरात येताहेत. एवढं सरकारी आमंत्रण कशाला? त्यांनी सापळा काढला आणि लांब, मनोजच्या बांधाजवळ नेऊन टांगला. मॅडमला फोन करून विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण पोरीसारख्या पोरीला सारखं सारखं काय विचारायचं?

तूर कापायला आली. बाया सांगून ठेवल्या. त्यांच्यासाठी पाण्याचा माठ बोरीच्या सावलीत ठेवावा म्हणून किसनराव तिथली जागा सपाट करायला गेले आणि खड्ड्यात कुदळ लागली.

अळ्या मेल्या असतील, सडल्या असतील, घाण वास येईल, म्हणून त्यांनी आधीच नाकाला रुमाल लावला होता. वास आला नाही. अळी एकही नव्हती. मेलेली नाही, जिवंत नाही. त्यांच्या जागी मातीत खारकेच्या बीसारखं काहीतरी होतं. तपकिरी, गुळगुळीत, एका बाजूला टोकदार. इथं एक, तिथं एक. पुष्कळशी पोकळ, टरफलं नुसती, वरून फुटलेली. काही भरलेली. किसनरावांनी एक भरलेलं उचलून तळहातावर ठेवलं, आणि त्या बीनं शेपटी हलवली.

त्यांनी ते फेकून दिलं. मग थोड्या वेळानं जाऊन पुन्हा उचललं.

मी इथं अळ्या टाकल्या होत्या. त्या गेल्या कुठं? आणि हे आलं कुठून? हलणारी बी कोणी पेरली? किसनरावांचं डोकं रुळावरून चालणारं. जे शिरलं ते निघालं पाहिजे. अळ्या शिरल्या आणि हे निघालं, म्हणजे मध्ये कोणीतरी अदलाबदल केली. दुसरा हिशेब त्यांच्या डोक्यात बसेना. आणि खड्डा कोणाच्या बांधाला लागून? मनोजच्या. बोरीला कुदळ टेकवून कोण ठेवतो? मनोज. घाटेअळी मुळात कोणाच्या पिकाची? अळ्या कुठं टाकता म्हणून कोणी विचारलं होतं? आणि पीक बुडालं तर वावर परत कोणाला जाणार होतं? एवढे सगळे प्रश्न आणि उत्तर एकच, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. त्यामुळे ते खरं असणार असं त्यांना वाटलं.

डब्यासोबत लोणच्याची रिकामी बरणी होती. तीत त्यांनी माती आणि त्या भरलेल्या बिया घातल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि बांध ओलांडून गेले. मनोज आणि शालू दोघंही हरभऱ्यात होते.

"मनोज, हे काय हाय?"

मनोजनं बरणी हातात घेऊन फिरवून पाहिली. "काय मालूम? कुठी सापडलं?"

"तुले नाई मालूम? माया बांधात तू काय गाडून राहिला, ते तुले नाई मालूम?"

"म्या?"

"वावर पाह्यजे होतं तं तोंडानं मागाचं. मी देलं असतं. असं काहून करावं मानसानं? तुया बापानं नसतं केलं."

शालू उभीच राहिली. तिच्या हातात उपटलेलं तण होतं, ते तसंच हातात. मनोजचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यानं बरणी काकांच्या हातात परत दिली, अगदी नीट, पडू नये अशी. "जा काका तुमी," एवढंच म्हणाला.

तूर कापली. मळणी झाली. मनोज आला नाही, मशीन किसनरावांना दुसरीकडून आणावं लागलं. पण तूर चांगली उतरली. एकदम चांगली, टपोरी, कीड नाही. गावात ज्यांनी दोन-दोन फवारण्या मारल्या होत्या त्यांच्यापेक्षा चांगली. किसनराव पोत्यांजवळ उभे राहिले. बापाची आठवण आली आणि डोळे भरले. जिंकले होते. वावर आता त्यांचं. घरी आले तर चतुराबाईंनी तूर ओंजळीत घेऊन पाहिली आणि विचारलं, "मनोजले देल्ली का डाळीपुरती?" किसनराव पोत्याचं तोंड बांधायला लागले.

बरणी तशीच होती. तिच्यात काय आहे हे कळेपर्यंत त्यांना चैन पडेना. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, तिथं दाखवावं, आणि तिथल्या माणसानं तोंडानं सांगितलं की सगळ्या नातलगांसमोर मनोजला उभं करावं, असा त्यांचा बेत. लेक दीपमाला अकोल्याला जठारपेठेत राहायची, तिलाही भेटणं होईल. दुपारच्या पॅसेंजरनं ते निघाले. बरणी मांडीवर, रुमाल घट्ट. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईनं विचारलं, लोणचं आहे का? किसनराव "हो" म्हणाले. दुसरं काय सांगणार?

दीपमालानं मात्र रुमाल सोडून पाहिलं आणि ओरडली. "बाबा, हे घरात काहून आनलं?"

"उद्या विद्यापीठात नेतो. हात नको लावू. मनोजचं काम हाय."

"मनोजदादाचं?" दीपमालानं त्यांच्याकडे असं पाहिलं की किसनरावांनी टी.व्ही. लावला. तिनं रुमाल पुन्हा बांधला आणि बरणी फ्रिजवर ठेवून दिली.

सकाळी चहा घेता घेता किसनरावांनी बरणी खाली घेतली. आत काहीतरी फडफडलं.

पाखरू होतं. मातकट, जाडसर, पंख अंगाशी धरून काचेवर बसलेलं. तेच पाखरू, जे सापळ्याच्या पिशवीत पडायचं. खाली मातीवर एक टरफल फुटून पडलं होतं. रुमालाची गाठ जशीच्या तशी. दीपमालानं काल बांधलेली गाठ दीपमालाची, दुसऱ्याला सुटायची नाही. खिडकी बंद, दार बंद. किसनरावांनी बरणी फिरवली, तळ पाहिला, पुन्हा गाठ पाहिली. आत कोणी आलं नव्हतं. आतलंच बाहेर निघालं होतं.

"शेतीशाळेच्या मॅडमचा नंबर हाय ना तुमच्याकडे?" दीपमालानं फोटो काढला, पाठवला आणि फोन लावून बापाच्या हातात दिला.

"काका, हे घाटेअळीचंच पाखरू," मोनाली म्हणाली. "आणि खाली पडलाय तो त्याचा कोष. कुठून आणलं तुम्ही?"

"खड्ड्यातून."

"हो, कोष मातीतच असतो. मागं सांगितलं होतं ना शेतीशाळेत. अळी मोठी झाली, पोट भरलं, की खाली उतरते, भुसभुशीत मातीत शिरते. तिथं तिचा कोष होतो. मग पाखरू होऊन वर येते, आणि पुन्हा अंडी घालते."

किसनरावांनी बरणीतल्या पाखराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मोठी झाली की... मरत नाई?"

"नाही ना काका. तेव्हाच तर पुढचं सगळं सुरू होतं."

"अन् जे कोष पोकळ असते?"

"त्यातली पाखरं गेली म्हणायची."

"कुठी?"

"आता ते कसं सांगणार? जवळ जिथं फूल, कोवळं पीक असेल तिथं. तुमच्या तुरीच्या तर शेंगा वाळत आल्या असतील. जवळ हरभरा आहे का कोणाचा?"

किसनरावांनी फोन दीपमालाच्या हातात दिला आणि खुर्चीवर बसले. रोज सकाळी चादर भरून, एकेक वेचून, उन्हाचा चटका लागू नये असं पांघरूण घालून, मनोजच्या बांधाला लागून त्यांनी ती सगळी पिलावळ झोपवली होती. आणि ती उठायला लागली तेव्हा सापळाही त्याच्याच बांधाजवळ नेऊन टांगला होता. वर त्यालाच विचारलं, काय गाडलं म्हणून. त्यांना इतकी लाज वाटली की दीपमालाकडे पाहवेना.

विद्यापीठात गेले नाहीत. दुपारीच परत फिरले. घरी चतुराबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी म्हने ना, मारलं नाई म्हनून," त्या म्हणाल्या. "खरंच नाई मारलं."

"तूच तं म्हने मारू नका!"

"म्या मारू नका म्हनलं. मनोजच्या बांधात गाडा, असं नाई म्हनलं. अन् त्या लेकराले बोलले ते कोनी सांगतलं होतं?"



दुसऱ्या दिवशी ते तिवस्याला उतरले आणि आपल्या वावराकडे न जाता सरळ मनोजच्या हरभऱ्यात गेले. हरभरा घाट्यावर होता. घाट्याघाट्याला भोक. मनोज एका तासात, म्हणजे ओळीत, शालू दुसऱ्यात, दोघं वाकून अळ्या वेचत होती. औषध मारून झालं होतं, पण अळ्या मोठ्या झाल्या होत्या आणि मोठ्या अळीला औषध लवकर लागत नाही. मनोजनं काकांना पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

किसनरावांनी बसमध्ये पुष्कळ जुळवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना.

"मनोज, ते म्या गाडलं होतं," ते म्हणाले. "तुरीवरच्या अळ्या. बोरीखाली. त्याचंच ते झालं. तू काही नाई केलं. मीच केलं."

मनोज सरळ उभा राहिला. "अळ्या मातीत गाडल्या?"

"हो."

"जित्त्या?"

"हो."

मनोजच्या तोंडावर काय आलं, हसू की राग, ते किसनरावांना कळलं नाही. तो बराच वेळ हरभऱ्याकडे पाहत होता. किसनरावही पाहत होते. यातल्या कोणत्या आपल्या? सगळ्या? निम्म्या? का एखादीच, आणि बाकीच्या इकडच्या तिकडच्या वावरातून आलेल्या? बडनेऱ्यात सुटलेली प्रत्येक गाडी कुठं पोचली ते त्यांना सांगता यायचं. इथं काहीच सांगता येत नव्हतं, आणि कधी येणारही नव्हतं.

"वावर तू घे परत," ते म्हणाले. "बोललो होतो मी."

"तुमी तं पीक बुडालं तं म्हनलं होतं. पीक तं बुडालं नाई."

"तुयं बुडालं."

"पाखरावर कोनाचं नाव लिवलेलं नसते काका. तुमचे असन, गावचेबी असन." मनोज थांबला. मग त्याचा आवाज बदलला. "त्याचं काही नाई. पन तुमी मले म्हनलं, तुया बापानं नसतं केलं. शालूसमोर म्हनलं. ते मले अजूनबी रोज ऐकू येते."

किसनराव शालूकडे वळले. सासऱ्याच्या नात्याचा माणूस, सुनेशी कधी नजर उचलून बोलला नव्हता. आता त्यांनी नजर उचलली. "शालू, माही चुकी झाली. मनोजनं काही केलं नव्हतं. मले काई समजत नव्हतं, अन् मी त्याच्यावर ढकललं. तुयासमोर बोललो होतो, म्हनून तुयासमोर सांगतो."

शालूनं पदर सारखा केला. मनोजकडे पाहिलं. मग कमरेशी धरलेला पत्र्याचा डबा पुढे केला. "यात टाका, काका. साबनाचं पानी हाय. गाडू नका."

किसनरावांनी डबा शालूच्या हातातून घेतला. ते तिसऱ्या तासात वाकले. पहिल्याच घाट्यावर एक होती, हिरवी, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्यांनी तिला चिमटीत धरून बाहेर काढली आणि तळहातावर ठेवून पाहिली. तीन महिने यांच्याच मागे फिरत होतो, पण ही पुढे काय होणार आहे ते माहीत असताना आज पहिल्यांदाच पाहतोय, असं त्यांना वाटलं. ती पुढे सरकली, अंगठ्यापर्यंत आली. त्यांनी तिला डब्यात टाकलं आणि ती हलायची थांबेपर्यंत पाहत राहिले.

"काका, असं एकेकीले पाहत बसलं तं संध्याकाळ होईन," पलीकडच्या तासातून मनोज म्हणाला.

"माही बस साडेपाचची हाय."

"जाऊ द्या आजच्या दिवस ते बस."

किसनरावांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पुढच्या झाडाला हात घातला. घरी गेल्यावर चतुराबाईंना या डब्याचं काय सांगायचं, ते त्यांना अजून कळलं नव्हतं.